दवंडी

गावगाड्यात दवंडीला एक स्थान होते. जत्रा कधी भरणार, पाटाला पाणी कधी सुटणार, कोणाच्या जमिनीचा लिलाव कधी होणार, हे सारे हलगी वाजवून वेशीपासून वाड्यावस्त्यांपर्यंत सांगितले जाई. दवंडी पिटणारा गावाचा कारभार करीत नसे आणि ती ऐकणाऱ्याला कारभारात काही स्थान असेच असेही नाही. बहुतेक वेळा निर्णय आधीच झालेला असे. तरीही दवंडीमागे एक तत्त्व होते. ज्याच्यावर परिणाम होणार त्याच्या कानावर गोष्ट गेली पाहिजे, आणि त्याला समजेल अशा शब्दांत गेली पाहिजे. उद्या कोणी 'आम्हाला ठाऊकच नव्हते' असे म्हणू नये ही कारभाऱ्यांची सोय. आणि 'आम्हाला न सांगता केलेत' असे म्हणता यावे हा रयतेचा लहानसा हक्क.

ज्या जागेविषयी आम्ही लिहिणार आहोत ती या गावगाड्यापासून फार दूर आहे. तिथे हलगी नाही, चावडी नाही, वेस तर नाहीच. पण या शतकाच्या पहिल्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हापासून तिथला स्थानिक कारभार पाहताना दवंडी हा शब्द पुन्हा पुन्हा मनात आला. एखादे गाव भराभर वाढू लागले की वाढ किती असावी यावर लोक हिरिरीने भांडतात. ती वाढ कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत कळली यावर मात्र फारसे कोणी भांडत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, राजधानी वॉशिंग्टनच्या वायव्येला, पोटोमॅक नदीच्या काठाने लाउडन नावाची काउंटी पसरली आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रदेश. मात्र तिचा कारभार वरून नेमलेल्या जिल्हाधिकाऱ्याकडे नसून लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे असतो, आणि प्रशासक कोण असावा हे ते मंडळच ठरवते. १७५७ साली स्थापन झालेली ही काउंटी दोनशे वर्षे शेतीची, दुभत्या जनावरांची आणि घोड्यांची होती. १९६२ साली तिच्या पूर्व सीमेवर डलस विमानतळ सुरू झाला. १९९०च्या दशकात इंटरनेटच्या कंपन्या त्या विमानतळाच्या आसऱ्याने आल्या आणि त्यांच्यामागून घरे आली. १९९० साली लोकसंख्या सुमारे ८६ हजार होती. २००० साली १ लाख ७० हजार, २०१० साली ३ लाख १२ हजार आणि २०२० साली ४ लाख २१ हजार. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट. या काळात कित्येक वर्षे देशात सर्वांत वेगाने वाढणाऱ्या काउंट्यांत तिचे नाव वर असे.

या आकड्यांतले काही आकडे आम्ही आहोत, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पुण्याच्या, मुंबईच्या, हैदराबादच्या संगणक कंपन्यांतून आलेल्या हजारो कुटुंबांनी या काउंटीच्या पूर्वेकडचा अर्धा भाग भरला. अ‍ॅशबर्नच्या किराणा दुकानात आज भाजणी मिळते आणि शाळेच्या बसथांब्यावर मराठी ऐकू येते. ज्या वाढीविषयी लोक तक्रार करतात ती वाढ म्हणजे आमची घरे, आमच्या मोटारी, आमच्या मुलांसाठी वाढवलेले वर्ग. जाहीर सुनावणीत कोणी म्हणाले, 'आता पुरे, आणखी घरे नकोत,' की मुंबईच्या लोकलची आठवण येते. फलाटावर असेपर्यंत माणूस 'जरा आत सरका' म्हणत असतो, आणि डब्यात पाय ठेवताच 'जागा कुठे आहे?' असे पुढच्या स्थानकावरच्या माणसाला विचारतो.

मराठीत यासाठी एक सूक्ष्म सोय आहे. इंग्रजीतल्या प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच शब्द, मराठीत दोन. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. लाउडनच्या सभागृहात बोलणारे सगळे तो एकच इंग्रजी शब्द वापरतात, आणि आम्ही मनातल्या मनात त्याचे भाषांतर करीत असतो. पाच पिढ्यांची शेती असलेली वृद्ध बाई तो शब्द उच्चारते तेव्हा तो 'आम्ही' असतो. त्यात आम्ही नसतो. बिल्डरचा वकील उच्चारतो तेव्हा वरवर 'आपण' असतो, पण हिशोब 'आम्ही'चा असतो. आणि आमच्यातला कोणी उठून बोलतो तेव्हा त्याला स्वतःलाच नक्की ठाऊक नसते की आपण यांपैकी कोणता शब्द उच्चारला. वाढत्या गावाच्या कारभाराची कसोटी या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे, असे आम्हाला वाटते.

कारभाराची रचना थोडक्यात सांगतो. नऊ जणांचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स असते. अध्यक्ष सगळ्या काउंटीतून निवडला जातो, बाकीचे आठ जण एकेका विभागातून. निवडणूक चार वर्षांनी, तीही विषम वर्षी; १९९९, २००३, २००७ अशी. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा गाजावाजा त्या वर्षी नसतो, त्यामुळे मतदानही कमी. कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल हे झोनिंगने ठरते आणि झोनिंग बदलण्याचा अधिकार या नऊ जणांना. पण हे मंडळ दिसते तितके सत्तावान नाही. व्हर्जिनियात 'डिलन रूल' चालतो. जॉन डिलन या आयोवा राज्यातल्या न्यायमूर्तींनी १८६८ साली मांडलेले हे तत्त्व सांगते की स्थानिक संस्थेला राज्याने जेवढे अधिकार स्पष्टपणे दिले तेवढेच तिला असतात. नव्या घरांमुळे शाळा आणि रस्ते लागतात, पण त्यांचा सगळा खर्च बिल्डरकडून सरळ वसूल करण्याची मुभा काउंटीला नाही. म्हणून 'प्रॉफर' नावाची चाल आहे. झोनिंग बदलून हवे असेल तर अर्जदार 'स्वेच्छेने' रस्त्याचा तुकडा, शाळेला जमीन, काही रोख रक्कम देऊ करतो. स्वेच्छा हा शब्द कायद्याचा. २०१६ साली राज्याने कायदा करून घरांच्या प्रकल्पांसाठी ही स्वेच्छाही आवळली आणि २०१९ साली पुन्हा थोडी सैल केली. लीसबर्गला भांडणाऱ्या माणसाला हे सगळे उमगते तेव्हा कळते की ज्याच्याशी आपण भांडतो आहोत त्याचे अर्धे हात रिचमंडला बांधलेले आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. १९९९च्या निवडणुकीत लाउडनच्या मतदारांनी 'बेसुमार वाढीला लगाम घालू' म्हणणाऱ्यांना बहुमत दिले. त्या मंडळाने बृहत् आराखडा नव्याने केला आणि जानेवारी २००३मध्ये काउंटीच्या पश्चिम भागाचे झोनिंग बदलले. पूर्वी तिथे तीन एकरांमागे एक घर बांधता येई. आता जागेनुसार दहापासून पन्नास एकरांमागे एक. शेते वाचली म्हणून पूर्वेकडचे लोक खूश झाले. पण ज्यांची ती शेते होती त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने एका रात्रीत जमिनीची किंमत घसरली होती. आयुष्यभर दूध घातलेल्या शेतकऱ्याला पेन्शन नसते. जमीन हीच त्याची पेन्शन. कोर्टात दाव्यांची रास पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि मतदारांनी लगामवाल्यांना घरी बसवून वाढीच्या बाजूचे बहुमत निवडून दिले.

मार्च २००५मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम लाउडनचे ते झोनिंग रद्द केले. कशासाठी? दहा एकर बरोबर की पन्नास, शेती वाचवावी की घरे बांधावीत, यात न्यायालय शिरलेच नाही. त्याने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचली. झोनिंग बदलण्यापूर्वी प्रस्तावाचा वर्णनात्मक सारांश जाहीर सूचनेत द्यावा असे राज्याचा कायदा सांगतो. या सूचनेतला मजकूर त्या कसोटीला उतरला नाही. तो वाचून जमीनमालकाला आपल्या जमिनीचे नेमके काय होणार हे उमजण्यासारखे नव्हते. कित्येक वर्षांचे अभ्यास, सभा आणि नकाशे एका सदोष दवंडीवर कोसळले. जुने तीन एकरांचे झोनिंग परत आले. पुढे २००६च्या अखेरीस नव्या मंडळाने तडजोडीचे झोनिंग संमत केले, पण मधल्या काळात दाखल झालेले अर्ज जुन्या मापाने दाखल झाले.

त्या निकालावर आमच्या शेजारपाजारी जी प्रतिक्रिया उमटली ती आम्हाला आजही विचार करण्यासारखी वाटते. 'तांत्रिक मुद्दा' असे सगळे म्हणाले. शेते वाचवू पाहणारे चिडून म्हणाले, शेतकऱ्यांचे वकील खुशीत म्हणाले. तांत्रिक म्हणजे खरा नव्हे, असा त्यात अर्थ होता. पण ज्या माणसाची ऐंशी एकर जमीन आहे आणि जो सकाळी दूध काढून झाल्यावर वर्तमानपत्र उघडतो, त्याच्या बाजूने पाहिले तर त्या जाहिरातीत तंत्र कसले? त्याला सांगितले की सांगितले नाही, एवढाच तो प्रश्न.

ही झाली लगामाची गोष्ट. वाढीच्या बाजूची गोष्ट वीस वर्षांनी शेजारच्या काउंटीत घडली. तिच्याकडे जाण्याआधी मधल्या काळात लाउडनच्या जमिनीवर काय उगवले ते सांगायला हवे.

उगवली डेटा सेंटर. जगातल्या इंटरनेटचे मोठे चौक १९९०च्या दशकापासून अ‍ॅशबर्नच्या आसपास होते, त्यांच्याभोवती या इमारतींची दाटी झाली. आज त्यांचे चालू क्षेत्रफळ चार कोटी चौरस फुटांहून अधिक आहे. आत माणसे थोडी, यंत्रे अगणित. काउंटीच्या दृष्टीने ही सोन्याची कोंबडी ठरली. घर आले की शाळेत मुले येतात. डेटा सेंटर आले की मुले येत नाहीत, आणि आतल्या संगणकांवर दरवर्षी कर मिळतो. काउंटीच्या सर्वसाधारण महसुलाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा आता याच इमारती देतात. २०१० साली घरांवरचा कर दर शंभर डॉलर किमतीमागे १ डॉलर ३० सेंट होता. २०२५ साली तो साडेऐंशी सेंटवर आला. घरांच्या किमती वाढल्याने बिल त्या मानाने उतरले नाही, हे खरे. तरीही आमच्या घराच्या करातला, आमच्या मुलांच्या शाळेतला, ग्रंथालयातला काही हिस्सा त्या बिनखिडकीच्या भिंती भरतात, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण त्यांतल्या बऱ्याच इमारती 'बाय राइट' आल्या. म्हणजे जमिनीच्या झोनिंगमध्ये हा वापर आधीच मान्य असल्याने मंडळापुढे मतदान नाही, जाहीर सुनावणी नाही. नियमांची तपासणी झाली की परवाना. हे झोनिंग जेव्हा लिहिले गेले तेव्हा डेटा सेंटर म्हणजे कार्यालयासारखी एखादी निरुपद्रवी इमारत, असाच समज होता. पुढे इमारती उंच झाल्या, दाराबाहेर डिझेल जनरेटरच्या रांगा लागल्या, आणि जुलै २०२२मध्ये वीज कंपनीने कळवले की पूर्व लाउडनच्या काही भागांत नव्या डेटा सेंटरना पुरेशी वीज पोचवण्याइतक्या वाहिन्या नाहीत. मग उच्चदाबाच्या नव्या वाहिन्या आल्या, त्या कोणाच्या अंगणावरून न्यायच्या हा प्रश्न आला, आणि तो निर्णय काउंटीच्या हाती नसून रिचमंडच्या राज्य आयोगाच्या हाती आहे हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळले. परवाना एका दारी आणि परिणाम दुसऱ्या दारी असेल तर दवंडी कोणी पिटायची?

आमच्या वस्तीजवळ एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन डेटा सेंटर आली. पहिल्याला झोनिंगमध्ये बदल हवा होता, म्हणून सुनावणी झाली. शेजारच्या मालकांना पत्रे आली, जागेवर फलक लागला. घर घेताना बिल्डरच्या विक्री-कार्यालयातल्या नकाशावर तो पट्टा हिरव्या रंगात होता, असे सांगणारे चार जण भेटले. काउंटीच्या नकाशावर तो कधीच हिरवा नव्हता. आम्ही काही कुटुंबांनी मिळून कागद मागवले, वाचले, आणि तीन साधे प्रश्न तयार केले. जनरेटरची चाचणी कधी घेणार? रात्री आवाज किती असणार? भिंतीची उंची आमच्या बाजूने किती दिसणार? बोलायला प्रत्येकी दोन-तीन मिनिटे. आमच्यातल्या एका निवृत्त बाईंनी घरी घड्याळ लावून सराव केला होता. प्रकल्प मंजूर झाला. तो होऊ नये असे आमचे म्हणणे नव्हतेच. पण चाचणी कामाच्या दिवशी आणि दिवसाउजेडी घ्यावी, आवाज मोजून त्याची नोंद ठेवावी, आणि आमच्या बाजूला झाडांची रुंद पट्टी राखावी, अशी कलमे अर्जदाराच्या लेखी वचनांत आली. दुसरी इमारत बाय राइट होती. तिथे प्रश्न विचारायला जागाच नव्हती, त्यामुळे उत्तरेही नव्हती. यात कोणी नियम मोडला नाही. दोन्ही इमारती कायदेशीर, दोन्ही सारख्याच उंच. एकीचे जनरेटर केव्हा सुरू होणार हे आम्हाला ठाऊक असते. दुसरीचे आम्हाला त्यांच्या आवाजावरून कळतात. जाहीर सुनावणीने काय मिळते असे कोणी विचारले तर आम्ही त्या रस्त्याकडे बोट दाखवतो.

मार्च २०२५मध्ये लाउडनच्या मंडळाने डेटा सेंटरची बाय राइट मुभा काढून घेतली. यापुढे प्रत्येक नव्या प्रकल्पाला सुनावणी आणि मतदान. वाटेत असलेल्या काही अर्जांना सवलत मिळाली, आणि हे फार उशिरा झाले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. तरी दार उघडले गेले.

आता शेजारची गोष्ट. दक्षिणेला प्रिन्स विल्यम काउंटी आहे. तिथे मनॅसस येथे अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६१ आणि १८६२ सालच्या दोन मोठ्या लढाया झाल्या, आणि ती रणभूमी आज राष्ट्रीय उद्यान आहे. तिच्या लगत सुमारे एकवीसशे एकरांवर 'डिजिटल गेटवे' नावाने डेटा सेंटरचा प्रचंड प्रकल्प आला. डिसेंबर २०२३मध्ये त्याची सुनावणी सुरू झाली ती सुमारे सत्तावीस तास चालली. लोक रात्रभर पाळीपाळीने बोलले. नवे मंडळ जानेवारीत येणार होते. जाणाऱ्या मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी, एक जण तटस्थ असताना, प्रकल्प मंजूर केला. आणि ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने ती मंजुरी रद्दबातल ठरवली. कारण? वर्तमानपत्रातली जाहीर सूचना कायद्याने सांगितलेल्या रीतीने आणि वेळेत प्रसिद्ध झाली नव्हती. निकालावर अपील झाले, वकिलांचे काम चालू राहिले.

दोन निकालांत वीस वर्षांचे अंतर. एकाने वाढ रोखणारा निर्णय पाडला, दुसऱ्याने वाढ आणणारा. पहिल्या वेळी टाळ्या वाजवणारे दुसऱ्या वेळी हळहळले असतील. आम्हाला मात्र त्यात एक समतोल दिसतो. जाहीर सूचनेचा नियम ना शेतकऱ्याच्या बाजूचा, ना बिल्डरच्या, ना आमच्यासारख्या मधल्यांच्या. तो फक्त विचारतो, ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सांगितलेत का? दुसऱ्या गोष्टीत तर आणखी एक धडा आहे. सत्तावीस तास ऐकून घेतले म्हणजे कारभार खुला झाला, असे नाही. लोकांना आधी कळलेले नसेल तर सुनावणी कितीही लांबली तरी ती निर्णयानंतरची कुजबुज ठरते.

इथे प्रामाणिकपणे उलट बाजूही मांडायला हवी, कारण खुल्या कारभाराचे गोडवे गाणारे ती सहसा टाळतात. सुनावणीला कोण येतो? ज्याला संध्याकाळी वेळ आहे, गाडी आहे, इंग्रजीत बोलण्याचे धैर्य आहे आणि गमावण्यासारखे घर आहे, तो. हॉटेलात भांडी घासणारा, दोन पाळ्यांत काम करणारी परिचारिका, शिकवायला लाउडनला येणारी पण घर परवडत नाही म्हणून तासभर दूर राहणारी शिक्षिका, ही माणसे तिथे दिसत नाहीत. आणि जे अजून आलेलेच नाहीत त्यांना नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची? स्वस्त घरांची योजना सुनावणीला आली की सभागृह भरते ते विरोधकांनी. म्हणूनच काही विचारी माणसे म्हणतात की सुनावण्या कमी करा, नियम आधी ठरवा आणि नियमात बसेल त्याला मुकाट्याने बांधू द्या. या म्हणण्यात तथ्य आहे. आम्ही ज्या घरात राहतो ते घर रोखण्यासाठीही एके काळी कोणीतरी त्याच सभागृहात दोन मिनिटे बोलले असणार.

तरीही आम्हाला वाटते की ही तक्रार बोलण्याविषयीची आहे, कळण्याविषयीची नव्हे. कोणाचे किती ऐकावे हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि निवडलेल्या मंडळाने तो स्वतःच्या जबाबदारीवर सोडवावा. वेळप्रसंगी भरलेल्या सभागृहाच्या विरुद्ध जाऊन सोडवावा. पण कोणाला कळावे हा प्रश्न मतभेदाचा असू नये. व्हर्जिनियाच्या माहितीच्या कायद्यात एक सुरेख तरतूद आहे. सार्वजनिक मंडळाचे तीन सदस्य एकत्र बसून सार्वजनिक कामाविषयी बोलू लागले की ती सभा ठरते, आणि सभा ठरली की तिची पूर्वसूचना हवी, दार उघडे हवे. कागद मागितला तर पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर हवे. त्याच कायद्यात नव्या उद्योगाच्या आगमनाविषयी, तो जाहीर होण्यापूर्वी, बंद दाराआड बोलण्याची मुभाही आहे. व्यापारात काही गुप्तता लागते हे मान्य. पण ती मुभा किती ताणायची याला काही मर्यादा असावी. एखाद्या भागाचा पुढच्या पन्नास वर्षांचा चेहरा बदलणारी गोष्ट शेजाऱ्यांना सर्वांत शेवटी कळत असेल, तर कायदा पाळला गेला असेल, दवंडी पिटली गेली नाही.

आमच्यातल्या अनेकांना हे अधिक टोचते, त्याला कारण आहे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की माणसे वीस-वीस वर्षे या काउंटीत राहतात, कर भरतात, मुले वाढवतात आणि एकदाही मत देऊ शकत नाहीत. कराचे बिल व्हिसा विचारत नाही, मतपेटी विचारते. अशा माणसाला कारभाराशी जोडणारा धागा एकच, जाहीर सूचना आणि तिच्यामागून येणारी सुनावणी. तिथे नाव आणि राहण्याचे ठिकाण सांगितले की बोलता येते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पंधरा वर्षांनी पहिल्यांदा सुनावणीत बोलले. विषय साधा होता, शाळेजवळच्या चौकातला सिग्नल. घरी आल्यावर म्हणाले, 'आज पहिल्यांदा भाडेकरू वाटलो नाही.' सिग्नल अजून लागायचा आहे.

महाराष्ट्रात हे काही नवे नाही, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ज्या हिंजवडीतून आमच्यातले कितीतरी जण इथे आले, तिथेही शेते गेली, काचेच्या इमारती आल्या आणि गावच्या ग्रामपंचायतीला उद्योगक्षेत्राच्या नियोजनात फारसा अधिकार नव्हता. तो औद्योगिक विकास महामंडळाकडे होता. डिलनसाहेबांचे नाव न घेता डिलनसाहेबांचाच नियम. विकास आराखड्यावर 'हरकती व सूचना' मागवण्याची रीत १९६६च्या नगररचना कायद्याने घालून दिली आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशात २००५ साली आला, महाराष्ट्राने राज्यापुरता तो त्याआधीच, २००२ साली आणला. तेव्हा लाउडनला जाऊन आम्ही लोकशाही शिकलो, असे म्हणणे खोटे आहे. इथे वेगळे इतकेच पाहिले की सूचनेतल्या एका अपुऱ्या वाक्यासाठी न्यायालय काउंटीचा मोठा निर्णय खाली ठेवायला लावते. सूचना ही निर्णयाआधीची औपचारिकता न राहता निर्णयाचाच भाग होते.

'जबाबदार वाढ' हा शब्दप्रयोग आता इतका झिजला आहे की बिल्डरच्या माहितीपत्रकातही तो असतो आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या फलकावरही. वाढ कोणाला जबाबदार, हे मात्र दोन्हीकडे लिहिलेले नसते. आमच्या अल्पमतीप्रमाणे ज्याला निर्णयाचा परिणाम भोगायचा आहे त्याला ती जबाबदार असावी, आणि या जबाबदारीची पहिली पायरी म्हणजे त्याला वेळेत, त्याच्या शब्दांत सांगणे. सूचना अशी लिहावी की तिथे किती उंच, किती आवाजाचे, कोणाच्या परसापासून किती अंतरावर काय होणार हे वकिलाशिवाय कळावे. जिथे लोक आहेत तिथे ती जावी; वर्तमानपत्रात जावी, फोनवर जावी, देवळात, चर्चमध्ये, मशिदीत आणि किराणा दुकानाच्या दारावरही जावी. याला फार पैसा लागत नाही. सत्तावीस तासांच्या सुनावणीहून आणि वर्षानुवर्षांच्या खटल्याहून ते खचितच स्वस्त आहे.

लाउडनमध्ये पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७मध्ये आहे. तेव्हा लगामवाले निवडून येतील की वाढवाले, हे सांगता येत नाही. आजवर लंबक दोन्ही बाजूंना गेला आहे आणि पुन्हा जाईल. जो कोणी येईल त्याला आमचे मागणे एवढेच असेल. तुमचा निर्णय आमच्याविरुद्ध गेला तर चालेल. शेतकऱ्याविरुद्ध गेला, बिल्डरविरुद्ध गेला, तरी लोकशाहीत तेही चालते. पुढच्या वेळी बदलता येते. पण तो घेण्याआधी सगळ्यांना सांगा, पुरेसे आधी सांगा, आणि असे सांगा की ऐकणाऱ्याने 'हे त्यांचे काहीतरी आहे' असे न म्हणता 'हे आपले आहे' असे म्हणावे.